कान किटलेले शब्द : ‘त्या ठिकाणी’, ‘नक्कीच’, ‘एकच खळबळ’ वगैरे

पेठेतली पेन्सिल (धागाकर्ती)

मी प्रुफं तपासते आणि मधूनमधून भाषणांचं शब्दांकन करते. म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं. परवा एका सत्कारसमारंभातलं हे वाक्य हाती लागलं :

“आज या ठिकाणी आपण सर्वजण जे उपस्थित राहिलेलो आहोत, त्या ठिकाणी मी सर्वप्रथम मान्यवरांचं या ठिकाणी स्वागत करतो आणि जो काही कार्यक्रम आहे तो त्या ठिकाणी सुरू झाला असं जाहीर करतो.”

ठिकाण एकच, टिळक रोडवरचं एक सभागृह. वक्त्यालाही ते माहीत होतं, श्रोत्यांनाही.

भाषा बिघडल्याची तक्रार निघाली की आपलं बोट हमखास कॉलेजच्या पोरांकडे जातं. मला ते पटत नाही. पोरांचे शब्द येतात तसे जातात. ‘सही’ आणि ‘जबरी’ आता कोण म्हणतं? माझ्या वयाचे लोक, तेही मुलं आसपास नाहीत हे बघून. ‘संपन्न झाला’, ‘मान्यवरांच्या हस्ते’, ‘यथोचित सत्कार’, ‘न भरून निघणारी पोकळी’ यांना मात्र मरण नाही. काही सांगायचं असतं म्हणून हे शब्द कुणी वापरत नाही. गप्प बसलं तर बरं दिसत नाही, म्हणून वापरतात.

तुमच्या कानांना कोणते शब्द टोचतात? नुसती यादी नको, का टोचतात तेही लिहा.

बिनसाखरेचा

नक्कीच. नक्कीच चांगला धागा आहे. नक्कीच प्रतिसाद देऊ.

ही थट्टा आहे हे नक्कीच कळलं असेल. वाहिनीवरचा प्रतिनिधी स्टुडिओतून प्रश्न आला की आधी ‘नक्कीच’ म्हणतो. ‘तिथे पाऊस आहे का?’ ‘नक्कीच, इथे पाऊस नाहीये.’

दुसरं, ‘आपण पाहू शकता’. बाबा रे, पाहतोच आहोत, तेवढ्यासाठीच टीव्ही लावलाय. आणि ‘दुःखद निधन’वर ‘मग सुखद निधन कुठलं?’ हा विनोद कृपा करून कुणी करू नका. तो विनोद निधनापेक्षा जुना झालाय.

पर्वती पायथा

माझ्या डोक्यात जातो तो ‘अक्षरशः’. ‘मी अक्षरशः मेले’ असं सांगणारी समोर बसून वडापाव खात असते.

पण जरा विचार केला तर जोर दाखवणाऱ्या सगळ्या शब्दांचं हेच होतं. ‘भयंकर’ म्हणजे भय वाटायला लावणारं, आणि आपण म्हणतो ‘भयंकर गोड मुलगी आहे’. ‘प्रचंड’ मुळात उग्र. ‘जबरदस्त’ फारसी, ज्याचा हात वरचढ तो. त्याची बहीण ‘जबरदस्ती’ अजून मूळ घरी नांदतेय, हा मात्र कौतुकाच्या घरी गेला. ‘मस्त’ म्हणजे नशेत चूर. ‘खतरनाक’चं तर आपल्या डोळ्यांदेखत झालं. आणि ‘अफलातून’ म्हणजे चक्क ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. अरबी-फारसीत त्याचं नाव अफलातून. आपण तो मिसळीला लावून मोकळे झालो.

शब्द वापरून बोथट झाला की नवा, आणखी भीतिदायक शब्द आणावा लागतो. साधं ‘छान’ आता अपमानासारखं वाटतं. कुणी माझ्या साडीला ‘छान आहे’ म्हणालं तर मी घरी येऊन आरशात बघते, काय चुकलं म्हणून.

फेज थ्री

मी पोरांच्या पार्टीतला. हिंजवडीत नोकरी, म्हणजे मराठी मुख्यतः शटल बसमध्ये.

आजोबा चहाला ‘फक्कड’ म्हणायचे, बाबा ‘झक्कास’ आणि ‘सॉलिड’, दादा ‘एक नंबर’. आमच्याकडे ‘कडक’, ‘वाढीव’, ‘विषय हार्ड’. आता धाकट्या भावाला ‘विषय हार्ड’ म्हटलं तर तो माझ्याकडे तुम्ही ‘झक्कास’कडे बघाल तसं बघतो. त्यामुळे ताईंचं बरोबर आहे, आमच्या शब्दांवर वापरण्याची शेवटची तारीख छापलेली असते.

मला खुपतात ते ऑफिसातले. ‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’ आणि वाक्याच्या सुरुवातीचा ‘सो’. मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, ‘सो बेसिकली, ॲक्च्युअली झालंय असं की काहीच झालं नाहीये.’ तरी मला वाटतं हे शब्द अर्थासाठी नसतातच. पुढचं वाक्य सुचेपर्यंत जागा धरून ठेवायची असते, एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकतात तशी. पूर्वी त्या जागी ‘म्हणजे कसं आहे ना’ होतं.

बिनसाखरेचा

> पूर्वी त्या जागी ‘म्हणजे कसं आहे ना’ होतं

ते निदान मराठी होतं. आणि ‘माझी मदत कर’चं काय? मराठीत ‘मला मदत कर’. ‘तो मला बोलला’ नाही, ‘तो मला म्हणाला’. बोलला म्हणजे रागावला! माझी नात सांगते, ‘आजोबा, टीचर मला बोलल्या.’ मी विचारलं, काय केलंस गं? तिनं काही केलंच नव्हतं. टीचर फक्त ‘उद्या डबा आण’ म्हणाल्या होत्या.

रंकाळा ते रावेत

आलं, शुद्धतेचं गाडं घसरत घसरत शेवटी इथं आलंच. काका, राग मानू नका, पण मी कोल्हापूरचा, पुण्यात स्थायिक. इथं आल्यावर पहिल्या महिन्यात मला तीन वेगवेगळ्या लोकांनी ‘तुमची भाषा गोड आहे हो’ म्हणून सांगितलं. हे पुण्यात कौतुक नसतं हे कळायला वेळ लागला.

आमच्याकडं बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. ते चूक नाही, ती तिथली रीत आहे. पुणेरी बोली ‘प्रमाण’ झाली ती काही गोडीच्या स्पर्धेत पहिली आली म्हणून नाही. पेशव्यांची राजधानी इथली. पुढं इंग्रजांच्या काळात शाळेची पुस्तकं, कोश, भाषांतरं यांचं बरंच काम इथल्या शास्त्री-पंडितांच्या हातून झालं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. त्यात त्याचा जोडीदार मेजर कँडी, तो इथंच पुण्यात संस्कृत पाठशाळेवर होता. आपण ज्या स्वल्पविरामावरून भांडतो तो मराठीत रुजवण्याचं श्रेय त्यालाच देतात. म्हणजे ‘शुद्ध’ मराठीचे टिंब-टिकल्याही साहेबाच्या हातच्या.

आणि ‘लई भारी’ तुमच्याच पोरांनी आमच्याकडून उचललं. त्याचं भाडं लावलं नाही आम्ही.

पेठेतली पेन्सिल

रंकाळा, टाळ्या. पण ‘बोलला’ आणि ‘म्हणाला’ यात मी काकांच्या बाजूची. एक शब्द दुसऱ्याची जागा खातो तेव्हा एक अर्थ घराबाहेर जातो. ‘बाई मला बोलल्या’ यातलं रागावणं आता कशानं सांगायचं? ‘ओरडल्या’नं? बोलणं आणि ओरडणं यात फरक आहे. आमच्या बाई कधी ओरडल्या नाहीत, पण बोलल्या की दोन दिवस जेवण जायचं नाही.

दोन कॉलमी

वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त. वर्तमानपत्री मराठीची चेष्टा होण्याआधी आरोपीच्या पिंजऱ्यातून दोन शब्द.

रात्री पान सोडायची वेळ झालेली, जागा दोन कॉलम, मथळा दोन ओळींचा. महापालिकेच्या सभेत पाण्यावरून गोंधळ. ‘पाणीप्रश्न ऐरणीवर’ लगेच बसतं. ‘पाण्याच्या वेळापत्रकावरून नगरसेवकांनी अधिकाऱ्यांना जाब विचारला’ बसत नाही. हा आळस नाही, मापाचा प्रश्न आहे. सगळे तयार वाक्प्रयोग आम्हाला अक्षरं मोजून पाठ असत. ‘खळबळ’ चार, ‘संताप’ तीन. ‘नाराजी’ही तीन, पण पुढाऱ्याला संताप आला की नुसती नाराजी, हे पुढारी कोण त्यावर.

घोटाळा पुढे झाला. कागदाच्या अडचणीतून आलेले शब्द, जिथे जागेची काही अडचण नाही अशा ठिकाणीही चालू राहिले. वेबसाइटवर मथळ्याला जागाच जागा, तरी ‘एकच खळबळ’. आणि त्यांची चित्रंही पुसली गेली. ऐरण पाहिलेला वाचक किती उरला? ‘धाबे दणाणले’ मधलं धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. आमच्या कार्यालयात नव्या आलेल्या एका मुलाला ते हायवेवरचे वाटले होते, आणि बातमी नेमकी अन्न व औषध प्रशासनाच्या छाप्याची असल्यामुळे त्याचं सगळं जुळतही होतं.

एक सांगतो. छापखान्यात पुन्हापुन्हा लागणारा मजकूर दर वेळी खिळे जुळवून करायला नको, म्हणून त्याचा अख्खा ठसा ओतून ठेवत. फ्रेंच लोक त्याला ‘क्लिशे’ म्हणत; ‘स्टिरिओटाइप’ही त्याच कामाचा शब्द. आपल्याकडे कुणी न शिकवता तेच झालं : अशा बोलण्याला आपण ‘छापील’ आणि ‘साचेबद्ध’ म्हणतो.

सहावी ब

मी शाळेत मराठी शिकवते. माझ्याकडे येऊन निबंध वाचा.

‘आजच्या धकाधकीच्या जीवनात माणसाला स्वतःसाठी वेळ नाही.’ हे लिहिणारा मुलगा अकरा वर्षांचा. विषय : माझा आवडता पक्षी. दुसरा : ‘आजच्या विज्ञानयुगात पोपट दुर्मीळ होत चालला आहे.’ त्याच्या शेजारच्याचंही तेच वाक्य, फक्त पोपटाच्या जागी मोर.

मुलांना दोष देत नाही. गाइडमध्ये हेच असतं, आणि खरं सांगायचं तर तपासताना अशा वाक्याला आमच्यातले बरेचजण ‘भाषा प्रौढ आहे’ म्हणून अर्धा गुण जास्त देतात. एकीनं लिहिलं होतं : ‘आमच्या सोसायटीत कबुतरं फार आहेत. आजी त्यांना हाड म्हणते, हाड कुत्र्याला म्हणतात.’ मी तिला सगळ्यात जास्त गुण दिले. तिच्या आईला ते पटलं नाही. ‘सुरुवात आकर्षक नाहीये ना मॅडम’.

तेव्हा धागाकर्तीच्या सभागृहातले वक्ते कुठून येतात ते शोधायला लांब जायला नको. आमच्याकडेच तयार होतात, सहावी ब मध्ये.

मोडीवाचक

जुने कागद वाचण्याची हौस आहे, म्हणून थोडी भर.

छापील मजकूर छापखान्याच्याही आधीचा आहे. पेशवाईतलं कुठलंही खाजगी पत्र उघडा : ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत असावे.’ मग मधे दोन ओळी खरं काम : बैल पाठवा, पैसे पाठवा. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा’. काहीच न लिहिलेला माणूसही ‘बहुत काय लिहिणे’ म्हणतो! वापरून वापरून ते इतकं झिजलं की ‘सा. न. वि. वि.’ एवढंच उरलं. आजच्या मुलांच्या मेसेजमधल्या तोकड्या शब्दांना हसणाऱ्या आजोबांनी स्वतःची पोस्टकार्डं काढून बघावीत.

आता भाषा ‘बिघडण्या’बद्दल. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले फारसी शब्द मोजले होते. १६२८ च्या पत्रात फारसीची इतकी गर्दी की मराठी शब्द शोधावे लागतात; १७२८ च्या पत्रात फारसी शब्द बोटांवर मोजण्याइतके. मधे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश, करवून घेतला, राज्याभिषेकाच्या वेळी पदांची नावं बदलली. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, पेशव्याचा मुख्य प्रधान.

यातली गंमत पुणेकरांनी लक्षात घ्यावी. अधिकृत नाव ‘मुख्य प्रधान’, शिक्क्यातही तेच, आणि सगळी दुनिया म्हणत राहिली ‘पेशवे’. तुमच्या शहराचा सगळा अभिमान ज्या शब्दावर उभा आहे तो फारसी आहे.

पर्वती पायथा

> अधिकृत नाव ‘मुख्य प्रधान’… सगळी दुनिया म्हणत राहिली ‘पेशवे’

सावरकरांच्या शब्दांचंही असंच, निम्मं-निम्मं. ‘महापौर’ इतका रुजला की तो घडवलेला शब्द आहे हे सांगावं लागतं. ‘दिनांक’ फॉर्मवर रुजला, तोंडात नाही. ‘आज दिनांक काय?’ असं कुणी विचारलं तर मी आधी त्याचा ताप बघेन. कोपऱ्यावरच्या मेट्रोचंही तेच चाललंय. आत ‘पुढील स्थानक’, आणि बाहेर पडल्यावर फोनवर ‘हो, स्टेशनला उतरलेय’.

बिनसाखरेचा

माहितीबद्दल आभार, पण ‘पूर्वीही होतं’ म्हणून आज चालवून घ्यायचं का? पूर्वी प्लेगही होता.

१८७४ साली याच पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला काढली आणि मराठीच्या तत्कालीन स्थितीवर तासलं. इंग्रजीच्या सावलीत लिहिणाऱ्यांचे कान धरले. त्या वेळीही म्हणणारे असतीलच की भाषा बदलतच असते. पण कुणीतरी कान धरले म्हणून पुढचं गद्य जरा ताठ उभं राहिलं. तक्रार करणारे नसतील तर सगळंच ‘अमुकच्या माध्यमातून’ होऊन बसेल. आता झाडंसुद्धा वृक्षारोपणाच्या माध्यमातून लावतात. पूर्वी खड्डा काढून लावायचे.

आणि एक राहिलंच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे. पण त्या दिवसापासून ‘अभिजात’ या शब्दाला सुट्टी नाही.

फेज थ्री

काका, फ्लेक्सवर कुणी कसं बोलत नाही? औंध ते बाणेर जाताना सिग्नलला थांबलो की वाचत बसतो. प्रत्येकजण ‘कार्यसम्राट’. एकाच चौकात तीन कार्यसम्राट, आणि त्याच चौकातला ड्रेनेजचा चेंबर गेल्या पावसाळ्यापासून उघडा. खाली ‘शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार’ आणि मित्रपरिवाराचे पासपोर्ट फोटो. वाढदिवस नक्की कुणाचा ते शोधावं लागतं. ज्याचा गॉगल सगळ्यात मोठा त्याचा.

पत्रिकावाला

लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीत पत्रिका छापायचं आमचं दुकान, वडिलांपासून. धागा वाचून हसू आलं, कारण छापील मजकूर हा आमचा धंदाच आहे. तयार मजकुरांची फाइल असते. गिऱ्हाईक ती उघडण्याआधीच म्हणतं, ‘आम्हाला जरा वेगळं हवंय.’

मग आम्ही कागद-पेन देतो. मुलगा-मुलगी हौसेनं काहीतरी साधं लिहितात. ‘आम्ही लग्न करतोय, तुम्ही या.’ चांगलं असतं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आत्याचा फोन. ‘श्रीकृपेकरून’ कुठंय? ‘आमचे येथे’ कुठंय? तिसऱ्या दिवशी वडील येतात, ‘प्रत्यक्ष भेटून आमंत्रण देण्याचा प्रयत्न केला आहेच, अनवधानाने राहून गेल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ हे घालायला लावतात. शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि खाली दोन बाळांची नावं. त्यातलं एक बाळ त्या दिवशी दुकानात माझ्या काउंटरवर झोपलेलं असतं.

पण मी आत्याबाईंना दोष देत नाही. ते ‘अनवधानाने’वालं वाक्य काढलं की खरोखर माणसं रुसतात. ‘आम्हाला घरी येऊन बोलावलं नाही, आणि पत्रिकेतही काही नाही.’ ते वाक्य कुणी वाचत नाही, पण नसलं तर सगळ्यांना दिसतं.

बदलही होतोच हो. वडिलांनी जपलेल्या जुन्या पत्रिकांत मजकूर असा आहे : ‘आमचे चिरंजीव अमुक यांचा शरीरसंबंध तमुक यांच्या कन्येशी करण्याचे योजिले आहे.’ तेव्हा तो अगदी सोवळ्यातला शब्द, दोन घराण्यांतली सोयरीक एवढाच अर्थ. आज छापला तर लग्नाआधी पोलीस येतील. कुणी ठराव करून तो काढला नाही. बाहेर त्याचा अर्थ सरकला आणि पत्रिकेतून तो गुपचूप गळाला.

पेठेतली पेन्सिल

पत्रिकावाले, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे. मी वर म्हटलं की असे शब्द काही सांगत नाहीत. तुमच्या आत्याबाईंचं वाक्य मात्र सांगतं : ‘तुम्हाला विसरलो नाही’. तेवढं मी मान्य करते.

‘यथोचित सत्कार’ मात्र मान्य नाही. तो नसला तर कुणीही रुसत नाही; मी दोन अहवालांतून उडवून पाहिलाय. मंडळाकडून काही आलं नाही. वाक्य काढल्यावर कुणी रुसतं का, तेवढं बघायचं. कुणी रुसलं नाही तर लाल पेन्सिल.

रंकाळा ते रावेत

ह्या हिशेबानं ‘एकच खळबळ’ काढल्यावर खळबळच रुसेल.

दोन कॉलमी

काढून बघा. उरलेल्या बातमीत खळबळीसारखं काही नाही, हे सगळ्यांना दिसेल. म्हणून तर घालतो.

सहावी ब

पत्रिकावाले दादा, त्या ‘शरीरसंबंध’वाल्या पत्रिकेचा फोटो टाकाल का? नववीच्या वर्गाला अर्थबदल शिकवायचाय. म्हणजे नववीला नको, वर्ग हातात राहायचा नाही. शिक्षकांच्या खोलीत लावते.

पत्रिकावाला

नावं झाकून टाकतो रविवारी. त्या घराण्यातले लोक अजून आमचं गिऱ्हाईक आहेत.

नववीसाठी दुसरा शब्द देतो, त्याच पत्रिकेतला : ‘सहकुटुंब सहपरिवार’. आज ‘सहकुटुंब’ म्हणजे सगळं घर. तेव्हा ‘कुटुंब’ म्हणजे बायको, ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ मधलं. म्हणून दोन शब्द लागायचे, एक तिच्यासाठी आणि एक बाकीच्यांसाठी. आता दोन्हींचा अर्थ एकच झालाय, तरी दोन्ही छापतो. एक काढू का विचारलं तर गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या, कमी माणसं बोलावल्यासारखं वाटतं.